प्रीफॅबचं सरकारी टेंडर: कंत्राटदार नक्की कसा निवडतात आणि कागद कुठून वाचायला घ्यायचे

झेडपीच्या शाळाखोल्या, अंगणवाड्या, उपकेंद्रं, पोलीस चौक्या अशी बरीच कामं हल्ली प्रीफॅबमध्ये, म्हणजे भाग कारखान्यात बनवून साईटवर जोडायच्या पद्धतीने, निघायला लागलीत. मुंबईत पालिकेचा "आपला दवाखाना" कितीतरी ठिकाणी पोर्टा केबिनमध्येच सुरू झालाय. आणि मोठ्या कामांचं म्हणाल तर सिडकोने बामणडोंगरीला प्रीकास्टमध्ये, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच ओतून, ९६ फ्लॅट ९६ दिवसांत उभे केले, ते लोकांना अजून आठवतंय. पण ही कामं मिळतात कुणाला आणि कशी, हे विचारलं तर निम्मे लोक म्हणतात सेटिंग असतं आणि निम्मे म्हणतात जो सगळ्यात खाली भरतो त्याला. मी आधी बरीच वर्षं टेंडरचे कागद ऑफिसच्या बाजूने बघितले आणि आता छोट्या फॅब्रिकेटर लोकांचे कागद तयार करून देतो, तर दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते इथे लिहितोय. ग्रामपंचायतीचे सदस्य, नवीन लागलेले ज्युनियर इंजिनियर आणि पहिल्यांदा सरकारी काम भरणारे वर्कशॉपवाले, तिघांनाही उपयोगी पडेल असं बघितलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. प्रीफॅबमध्ये निम्म्याहून जास्त निवड नोटीस छापली जाते तेव्हाच झालेली असते. "समान काम" म्हणजे काय, डिझाईन कुणाचं, पैसे कधी मिळणार, या तीन ठिकाणी काय शब्द घातलेत त्यावर कोण भरू शकतो आणि कोण बाहेर राहतो ते ठरतं. लिफाफा उघडतात तेव्हा फक्त आकडे दिसायचे बाकी असतात.

आधी बघा, हे काम आहे का खरेदी

सगळ्यात पहिला घोळ इथेच होतो. तीच पोर्टा केबिन एखादं ऑफिस जेमवरून, म्हणजे केंद्राच्या खरेदी पोर्टलवरून, वस्तू म्हणून घेतं आणि दुसरं ऑफिस राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर बांधकाम म्हणून काढतं. वस्तू असेल तर खरेदीचे नियम लागतात, केबिन तयार करून आणून ठेवायची, बिल द्यायचं, जीएसटीचा एचएसएन कोड ९४०६ लावायचा. काम असेल तर पाया, जोते, लाईट, पाण्याची जोडणी, सगळं आलं आणि मग कंत्राटदाराचं रजिस्ट्रेशन, बांधकाम कामगार उपकर १ टक्का, मोजमाप पुस्तिका (एमबी), दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) हे सगळं लागू होतं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो अनामत रकमेला, म्हणजे ईएमडीला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ईएमडी माफ असते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण केंद्राचं ते २०१२ चं धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, वर्क्स काँट्रॅक्टला ते लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका फॅब्रिकेटर दादांनी शाळाखोल्यांच्या टेंडरला ईएमडीच्या जागी उद्यम सर्टिफिकेट जोडलं, माल त्यांचा चांगला, रेट चांगला, आणि पहिल्याच, म्हणजे तांत्रिक कागदांच्या लिफाफ्यात बाहेर. दादांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे काम आहे, खरेदी नाही. म्हणून नोटीस हातात आली की पहिली ओळ हीच बघायची. ईएमडी माफी आहे का ते टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर माफी नाही असंच धरून पैसे भरायचे.

नोटिशीच्या आधी ऑफिसात काय चालतं

आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं आणि एवढे पैसे आहेत. मग अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता. नेहमीच्या आरसीसी इमारतीचं अंदाजपत्रक पीडब्ल्यूडीच्या दरसूचीवरून होतं, विटा, काँक्रीट, सळई, सगळ्याचे दर छापलेले असतात. प्रीफॅबमध्ये बऱ्याच आयटमचा दर दरसूचीत सापडत नाही, मग इंजिनियर बाजारातून तीन कोटेशन मागवतो आणि त्यावरून रेट अ‍ॅनालिसिस करतो.

खरी मेख इथे आहे. कोटेशन देणाऱ्या कंपनीने सोबत आपलं स्पेसिफिकेशन पाठवलेलं असतं, इंजिनियरला कामाचा ताण असतो, आणि तेच स्पेसिफिकेशन जसंच्या तसं टेंडरमध्ये येतं. पॅनेलच्या जोडाचा प्रकार, रुंदी, एखादा विशिष्ट क्लॅम्प, सगळं एकाच कंपनीच्या मालाशी जुळणारं. कुणी मुद्दाम केलं नसलं तरी स्पर्धा तिथेच संपते. ज्युनियर इंजिनियर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की मालाचं वर्णन करू नका, माल काय करून दाखवायला हवा ते लिहा. वाऱ्याचा वेग किती सोसायला हवा, आगीत किती वेळ टिकायला हवं, उष्णता किती अडवायला हवी, छताने किती वजन घ्यायला हवं, आयुष्य किती वर्षं धरलंय. मग पफ पॅनेलवाला (दोन पत्र्यांमध्ये फोम), सिमेंट फायबर बोर्डवाला, हलक्या स्टीलच्या फ्रेमवाला, सगळे भरू शकतात आणि तुम्हाला खरा भाव कळतो.

वाऱ्याचा आकडा तर घालाच. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्याला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे आणि मुंबईला ४४. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वरवर ५ मीटरचा फरक असला तरी दाबात सव्वापटीहून जास्त पडतो. पुण्याचं ड्रॉइंग उचलून अलिबागला लावलं तर काय होईल ते ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडमध्ये ज्यांनी शाळांचे पत्रे उडताना बघितलेत त्यांना सांगायची गरज नाही. तसंच भूकंपाचं. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३, दोन्ही आपल्याच राज्यात झालेत, त्यामुळे आयएस १८९३ प्रमाणे डिझाईन ही ओळ टेंडरमध्ये नसेल तर प्री-बिडमध्ये, म्हणजे भरायच्या आधी शंका विचारायच्या मीटिंगमध्ये, विचारून घालून घ्यायची.

टेंडरचा फॉर्म कोणता ते ओळखा

आपल्याकडे बी-१ म्हणजे टक्केवारीचं, अंदाजपत्रकाच्या एवढे टक्के वर किंवा खाली एवढंच भरायचं. बी-२ म्हणजे प्रत्येक आयटमचा दर आपला आपण. आणि सी म्हणजे लम्पसम, एकरकमी. प्रीफॅबला बी-१ तसं बसत नाही, कारण टक्केवारी भरताना अंदाजपत्रकातला प्रत्येक आयटम मान्य आहे असं धरलं जातं आणि आपली सिस्टीम वेगळी असेल तर आयटमच वेगळे पडतात. लम्पसम किंवा डिझाईनसकट काम असेल तर कारखानदाराला स्वतःची पद्धत वापरता येते, पण मग डिझाईनची जबाबदारी पण त्याचीच, कुठल्यातरी सरकारी इंजिनियरिंग कॉलेजकडून तपासून आणायचा खर्च पण त्याचाच. तो खर्च लोक रेटमध्ये धरायला विसरतात.

समान काम म्हणजे काय, इथे जीव ओतून वाचा

अनुभवाची अट साधारण सगळीकडे एकाच साच्यातून येते. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली सांगितलेला साचा असा, की गेल्या ७ वर्षांत पूर्ण केलेली समान कामं, एकतर तीन, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन, ५० टक्क्यांची, किंवा एक, ८० टक्क्यांचं. आणि गेल्या ३ वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. सीपीडब्ल्यूडीमध्ये, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्यात, मधला आकडा ६० टक्के असतो. दक्षता आयोगाचा हा साचा मुळात केंद्राच्या संस्थांसाठी आहे, राज्यातली ऑफिसं आपापल्या शासन निर्णयांप्रमाणे आकडे ठेवतात, पण तोंडवळा हाच. २ कोटींचं काम धरा, तर ८० लाखांची तीन, किंवा १ कोटीची दोन, किंवा १ कोटी ६० लाखांचं एक, आणि उलाढाल ६० लाख.

आकडे सगळे बघतात, "समान" या शब्दाची व्याख्या कोणी वाचत नाही. आणि प्रीफॅबचं टेंडर जगतं मरतं ते त्या व्याख्येवर.

मी जवळून बघितलेलं एक सांगतो. डोंगराळ तालुक्यातल्या एका गावची शाळा, चार खोल्या पफ पॅनेलच्या. टेंडरमध्ये समान काम म्हणजे "कोणतेही इमारत बांधकाम" असं लिहिलेलं. काम मिळालं आरसीसीत आयुष्य काढलेल्या एका कंत्राटदाराला, माणूस वाईट नव्हता, पण त्याने आयुष्यात पॅनेल उभं केलेलं नव्हतं. त्याने पॅनेल बाहेरून सगळ्यात स्वस्त मिळाले तिथून घेतले. ट्रेलर आला तो मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावर वळेचना, दोन तास खटपट करून शेवटी पॅनेल तिथेच उतरवले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवे टाकून चार फेऱ्यांत वर नेले. कडा चेपल्या. चेपलेल्या कडांचे जोड नीट बसले नाहीत, सिलिकॉन भरून झाकलं आणि पहिल्या पावसात दुसरीच्या वर्गात भिंतीतून पाणी यायला लागलं. मुलं बाकं सरकवून खोलीच्या मधोमध बसलेली मी बघितलीत, अजून डोळ्यासमोर आहे ते. कागदावर त्या निवडीत एकही चूक नव्हती. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला होता, अनुभव होता, उलाढाल होती.

आता याच्या उलटही होतं. व्याख्या इतकी अरुंद करतात की "सरकारी शाळेसाठी ५० एमएम पफ पॅनेलचं, त्याच जिल्ह्यातलं काम" असलेलाच चालेल, मग भरणारा एकच उरतो. माझ्या मते चांगली व्याख्या मधली असते. कारखान्यात बनवून साईटवर जोडलेल्या इमारतींचं काम, मग ते पॅनेल असो, प्रीकास्ट असो की स्टील फ्रेम, आणि सरकारी असो की खाजगी, फक्त खाजगी असेल तर टीडीएसचा पुरावा आणि करारनामा जोडायचा. सोबत स्वतःचा कारखाना, किंवा कारखानदाराशी या कामापुरता लेखी करार आणि तो कारखानदार दोषदायित्वाच्या काळात बांधील राहील असं त्याचं हमीपत्र. हे हमीपत्र मागितलं असतं तर वरच्या गोष्टीत पॅनेल देणाऱ्याला पण पावसाळ्यात शाळेत यावं लागलं असतं.

आणि पोचरस्ता! टेंडरमध्ये "साईट बघून घ्यावी" एवढीच ओळ असते. ती पाळायचीच. टेप घेऊन जायचं, वळणं मोजायची, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांची उंची बघायची, क्रेन उभी राहायला पक्की जागा आहे का बघायचं, मग रेट काढायचा.

बिड कपॅसिटीचा सापळा

बिड कपॅसिटी म्हणजे तुम्हाला अजून किती काम झेपेल त्याचा आकडा. हे गणित बऱ्याच जणांना नीट कळत नाही आणि प्रीफॅबवाल्यांना तेच सगळ्यात जास्त नडतं. सूत्र साधं आहे, ए गुणिले एन गुणिले २, वजा बी. ए म्हणजे गेल्या ५ वर्षांत कुठल्याही एका वर्षात केलेलं सगळ्यात जास्त काम, आजच्या भावात. एन म्हणजे या कामाची मुदत वर्षांत. बी म्हणजे हातातल्या कामांचं, त्याच मुदतीत करायचं शिल्लक राहिलेलं काम. उत्तर अंदाजपत्रकापेक्षा जास्त यायला हवं.

समजा काम २ कोटींचं, तुमचं सगळ्यात चांगलं वर्ष ३ कोटींचं आणि हातात ५० लाखांचं काम शिल्लक. हेच काम आरसीसीत १२ महिन्यांचं असतं तर ३ गुणिले १ गुणिले २, म्हणजे ६ कोटी, त्यातून ५० लाख गेले, साडेपाच कोटी, आरामात पात्र. पण प्रीफॅब आहे म्हणून मुदत ४ महिने, म्हणजे एन झाला एकतृतीयांश, ३ गुणिले एकतृतीयांश गुणिले २ म्हणजे २ कोटी, वजा ५० लाख, दीड कोटी. अपात्र! म्हणजे ज्या वेगासाठी प्रीफॅब निवडलं तोच वेग सूत्रात शिक्षा होऊन बसतो, आणि छोटे कारखाने बाहेर पडून फक्त मोठी उलाढालवाले उरतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. सूत्र लांब मुदतीच्या कामांसाठी केलेलं आहे, तेच इथे आंधळेपणाने लावलं जातं. भरणाऱ्याने हा मुद्दा हिशोबासकट प्री-बिडला लेखी मांडायचा, एन किमान १ धरावा किंवा त्याऐवजी कारखान्याची महिन्याची उत्पादनक्षमता तपासावी असं सुचवायचं. सगळी ऑफिसं ऐकतीलच असं नाही, पण टेंडरमध्ये तसा बदल करणारं शुद्धिपत्रक निघालेलं मी स्वतः बघितलंय.

प्री-बिडला बोला, लेखी बोला

केंद्राच्या नियमांत जाहिरात दिलेल्या टेंडरला साधारण किमान ३ आठवडे मुदत असते, राज्यात मुदत कामाच्या रकमेप्रमाणे वेगळी असते, आणि मार्च एंड जवळ आला की अल्प मुदतीची नोटीस निघते. प्री-बिड मीटिंग पहिल्याच आठवड्यात येते, त्यामुळे कागद आधी वाचलेले हवेत. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला काही किंमत नसते. मेल करायचा, कलम नंबर टाकायचा, आणि काय बदल हवा ते एका वाक्यात लिहायचं. उत्तर पोर्टलवर सगळ्यांना दिसतं आणि शुद्धिपत्रक टेंडरचाच भाग होतं. भरायच्या आदल्या दिवशी परत एकदा शुद्धिपत्रक बघायचं, बीओक्यू, म्हणजे आयटम आणि दर भरायचा तक्ता, बदललेली असेल आणि आपण जुनी भरली तर सगळी मेहनत वाया.

पहिला लिफाफा, तांत्रिक

रजिस्ट्रेशन, जीएसटी, पॅन, ताळेबंद, कामं पूर्ण केल्याचे दाखले, प्रतिज्ञापत्र, हे सगळं नेहमीचंच, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर रक्कम, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, आणि ते प्रीफॅब होतं हा शब्द, एवढं असायलाच हवं. "इमारत बांधकाम" एवढाच दाखला असेल तर त्या ऑफिसातून दुरुस्त करून आणा, टेंडर निघायच्या आधीच आणून ठेवा.

प्रीफॅबची खरी परीक्षा पुढच्या कागदांत असते. प्रीकास्ट काँक्रीटला आयएस १५९१६ आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ६, त्यातला प्रीफॅब्रिकेशनचा विभाग. नवीन सिस्टीम असेल तर बीएमटीपीसीचं, म्हणजे केंद्राच्या बांधकाम साहित्य आणि तंत्रज्ञान परिषदेचं, परफॉर्मन्स अप्रेझल सर्टिफिकेट, हे असलं की समितीला मोठा आधार मिळतो. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत केंद्राच्या लाईट हाऊस प्रकल्पांची, म्हणजे नव्या तंत्रांनी घरं बांधून दाखवायच्या कामांची, पायाभरणी झाली, इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा, लखनौ, सगळीकडे तंत्र वेगळं. चेन्नईत प्रीकास्टचे भाग आणून १,१५२ घरं जोडली आणि २०२२ च्या मे महिन्यात दिली सुद्धा. आपल्या पुण्याच्या शिर्के कंपनीचं प्रीफॅब आणि सिपोरेक्स हे हलकं काँक्रीट तर कितीतरी आधीपासून आहे. सांगायचा मुद्दा हा की आपल्या ऑफिसात पहिल्यांदा येतंय म्हणून तंत्र नवीन नसतं, समितीने चालू इमारत बघून यायला हवं.

आणि जोड. प्रीफॅबमध्ये भाग सहसा मोडत नाही, जोड सुटतो. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि त्या कोपऱ्यातले वरचे खालचे सगळे मजले पत्त्यासारखे खाली आले, कारण मोठ्या पॅनेलचे जोड पुरेसे बांधलेले नव्हते. तांत्रिक समितीने म्हणूनच जोडाचं ड्रॉइंग वेगळं मागायचं, बोल्ट कुठला, ग्राउट कुठलं, पाणी कसं अडवलंय, आणि ते साईटवर कोण तपासणार. चार खोल्यांच्या शाळेला पण हे लागतं, तिथे इमारत नाही कोसळणार पण वर्गात पाणी येईल.

नमुना मागितला असेल तर नुसता हात लावून बघू नका. पत्रा ०.५ एमएम लिहिलेला असतो, पण तो रंग आणि झिंकसकट की मूळ पत्रा, हे टेंडरमध्ये लिहिलेलं नसतं आणि तिथेच माल मारला जातो. आतल्या फोमची घनता साधारण ४० किलो प्रति घनमीटर मागतात, ती तपासायला लॅब लागतेच असं नाही. ५० एमएम पॅनेलमधला फोम १० सेंमी बाय १० सेंमी कापायचा, दोन्ही पत्रे काढायचे आणि सोनाराच्या काट्यावर ठेवायचा, २० ग्रॅम भरायला हवा. १४-१५ ग्रॅम भरला तर समजून जा. लॅबचा रिपोर्ट नंतर घ्याच, पण हा काटा पाच मिनिटांत खरं सांगतो.

पोर्टलवर भरताना

डिजिटल सही चालू आहे का आठवडाभर आधी बघा. बीओक्यूची एक्सेल फाईल उतरवली की तिचं नाव बदलायचं नाही, रकाने वाढवायचे नाहीत, फक्त जिथे भरायचं तिथेच भरायचं. सगळं अपलोड झाल्यावर बिड फ्रीज करायचं, खूप जण अपलोड करून उठतात आणि फ्रीज न केल्यामुळे बिड धरलंच जात नाही. वेळ सर्व्हरची धरतात, तुमच्या घड्याळाची नाही. शेवटच्या दिवशी भरू नका, बस्स.

दुसरा लिफाफा आणि एल-वन

तांत्रिक लिफाफ्यात पास झालेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतात. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी आले तर सहसा मुदतवाढ किंवा फेरनिविदा होते. मग तुलनात्मक तक्ता होतो आणि सगळ्यात कमी दर तो एल-वन. उघडल्यानंतर दराची घासाघीस सगळ्यांशी करता येत नाही, झालीच तर अपवाद म्हणून फक्त एल-वनशी. एल-टूला बोलावून "त्याच्या रेटला करतोस का" विचारणं हे सरळ सरळ नियमाबाहेर आहे.

खूप खालचा दर हा प्रीफॅबमधला सगळ्यात मोठा धोका आहे, कारण आरसीसीत चोरी झाली तर साईटवर निदान दिसू तरी शकते, इथे पत्रा आणि फोम दोन्ही बंद असतात. आपल्याकडे अंदाजपत्रकापेक्षा ठराविक टक्क्यांनी खाली भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतात, टक्क्यांचा हिशोब टेंडरमध्ये दिलेला असतो, ती ठेव रेट काढायच्या आधीच हिशोबात धरा. ऑफिसने ठेव घेऊन थांबू नये, दराचं विश्लेषण लेखी मागावं. पत्रा किती किलो, कुठल्या भावाने, फोम कुठला, वाहतूक किती, क्रेन किती. ज्याला खरंच परवडतं तो एका दिवसात देतो.

सगळीकडे एल-वनच असायला हवा असं पण नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये कामांसाठी सुद्धा गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरून निवड करायला वाट दिली, सक्षम अधिकाऱ्याने तशी खरेदी जाहीर केली असेल तर, आणि गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन. हिशोब कसा होतो ते बघा. पहिल्याला तांत्रिकमध्ये ९० गुण, दर १ कोटी ९५ लाख. दुसऱ्याला ७० गुण, दर १ कोटी ८० लाख. ३० टक्क्यांनी पहिल्याचे २७, दुसऱ्याचे २१. किमतीत दुसरा सगळ्यात कमी म्हणून पूर्ण ७०, पहिल्याचे १८० भागिले १९५ गुणिले ७०, म्हणजे ६४.६. बेरीज पहिला ९१.६, दुसरा ९१. काम पहिल्याला. पण तोच पहिला २ कोटींना गेला असता तर ९० वर येऊन काम हातातून गेलं असतं. म्हणजे दर्जाला किंमत मिळते पण मर्यादेतच. मला ही पद्धत शाळा आणि दवाखान्यांसाठी जास्त योग्य वाटते, अट एकच, गुण कशाला आणि किती ते नोटिशीतच छापलेलं हवं, उघडल्यावर ठरवलेले गुण म्हणजे भांडणाला आमंत्रण.

बाहेर पडलात तर कारण पोर्टलवर दिसतं, पटलं नाही तर लगेच लेखी हरकत द्या, कार्यारंभ आदेश निघाल्यावर उशीर झालेला असतो. आणि नंतर माहितीच्या अधिकारात तुलनात्मक तक्ता आणि समितीचं इतिवृत्त मागा, ३० दिवसांत मिळायला हवं. पुढच्या टेंडरला त्याचा फार उपयोग होतो, समितीने काय बघितलं ते कळतं.

पैसे कधी, हे रेटच्या आधी बघा

आरसीसीत इंजिनियर साईटवर येतो, मोजतो, एमबीत लिहितो, आरए बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं चालू बिल, निघतं. प्रीफॅबमध्ये मोठा खर्च कारखान्यात होतो आणि साईटवर फक्त पाया दिसत असतो, मोजायला काहीच नसतं. जुन्याच करारनाम्यावर काम निघालं तर कारखानदाराला पॅनेल उभे राहीपर्यंत एक रुपया मिळत नाही आणि चांगला छोटा माणूस व्याजातच संपतो. म्हणून बिलाचे टप्पे टेंडरमध्येच हवेत, कारखान्यात तपासून शिक्का मारलेल्या मालावर काही टक्के बँक गॅरंटी घेऊन, साईटवर पोचल्यावर काही, उभारल्यावर काही, आणि पाण्याची चाचणी झाल्यावर बाकीचे. टप्पे नसतील तर प्री-बिडला मागा, नाहीच मिळाले तर व्याज धरून रेट काढा किंवा ते टेंडर सोडून द्या, खरंच सोडून द्या.

स्वीकृती पत्र आलं की सुरक्षा ठेव, करारनामा आणि मग कार्यारंभ आदेश. मुदत आदेशापासून मोजतात, पण ड्रॉइंग मंजूर व्हायलाच महिना जातो, म्हणून ड्रॉइंग दिल्याच्या तारखेची पोच घेऊन ठेवायची, उशिराचा दंड लागायला आला की तीच पोच वाचवते. सगळे पॅनेल एकदम बनवू नका. पहिला एकच बनवा, उपअभियंत्यांना कारखान्यात बोलवा, पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने, फोम काट्यावर, जोड दोन पॅनेल एकमेकांत बसवून, त्यावर नळीने पाणी मारून दाखवा, आणि त्याच पॅनेलवर दोघांच्या सह्या आणि तारीख टाकून तो काम संपेपर्यंत साईटवर ठेवा, म्हणजे ट्रकमधून उतरणारं प्रत्येक पॅनेल त्याच्या शेजारी धरून बघता येतं.